सराव पाठाचे गुणी विद्यार्थी

डी.एल.एड.च्या सराव पाठाला सगळं जय्यत असतं: रंगीत तक्ते, मिनिटामिनिटाचं टाचण आणि उत्तरं आधीच पढवलेला शहरातला गुणी वर्ग. मग नेमणूक होते धडगावच्या पाड्यावर. मुलं बोलतात पावरी, टाचण प्रमाण मराठीत. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे एका खोलीत दोन-तीन इयत्ता, आणि सहकारी तालुक्याला माहिती भरायला गेलेला. दिवाळीनंतर काही मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला. याची तयारी करून घेतलेली नसते असं नाही. ‘विविधतेचे महत्त्व लिहा, गुण ५’ हा प्रश्न सोडवलेला असतोच. पहिल्याच महिन्यात गुरुजींचा बदलीचा अर्ज जातो. अर्ज मुद्देसूद, अक्षर सुवाच्य. प्रशिक्षण वाया गेलं असं कोण म्हणेल?