काच किती टक्के?

एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचं समोरून काढलेलं चित्र, हा मुळातच सभ्य थापेबाजीचा प्रकार आहे. इमारत अशी सपाट, कुठलीही बाजू न झुकलेली बघायची, तर बघणाऱ्याला अनंत अंतरावर जाऊन उभं राहावं लागेल, आणि पुण्यात तेवढी मोकळी जागा कोण सोडतो? तरी क्लायंट त्या कागदाकडे बघून "अगदी असंच पाहिजे" म्हणतो आणि आम्ही बिल पाठवतो. या थापेतली सगळ्यात नाजूक जागा म्हणजे काच.

आमच्या सरांना ती कधी नाजूक वाटली नाही. त्यांच्या काळी ट्रेसिंग पेपर उलटा करायचा, खिडकीच्या जागी मऊ पेन्सिल आडवी घासायची आणि वरून कापसाचा बोळा फिरवायचा. पुढून बघितलं की रोटरिंग पेनाच्या काळ्याकुळकुळीत रेषा आणि त्यांच्यामागे करडी काच. खोडरबरानं एक तिरका पट्टा पुसला की झालं, ऊन पडलं. आत काय आहे हा प्रश्नच नव्हता, कारण आत कोणी काही काढलेलंच नसायचं. शिवाय सर भौतिकशास्त्रालाही धरून होते. भर दुपारी बाहेर लाखभर लक्स उजेड असतो आणि खोलीत काहीशे. त्यामुळे रस्त्यावरून खिडकी काळीच दिसते.

आम्ही मात्र मॉडेल करतो. म्हणजे अख्खा बंगला कॉम्प्युटरात बांधून काढतो, आणि एलेव्हेशन त्यातून आपोआप पडतं. जे आपोआप पडतं त्याला लाजलज्जा नसते. काचेच्या मटेरियलला पारदर्शकता दिलेली, त्यामुळे दिवाणखान्याच्या खिडकीतून जिना, जिन्यापलीकडे स्वयंपाकघर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागची कंपाउंड वॉल, सगळं एका रांगेत. परवाच्या बंगल्यात तर पहिल्या मजल्यावरच्या मोठ्या खिडकीत, बरोबर मधोमध, कमोड. तोही उत्पादकाच्या साइटवरून उतरवलेला, त्यामुळे झाकणाच्या बिजागरीसकट. खिडकी मोठी हवी ही क्लायंट काकूंचीच मागणी होती. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि काकांना हळूच विचारलं, "अहो, हे लोकांना असं दिसणार?"

उपाय आहेत. आर्किकॅड या सॉफ्टवेअरमध्ये एलेव्हेशनच्या सेटिंगमध्येच ट्रान्सपरन्सीची एक चौकट असते. तिच्यातली टिक काढली की काच ठार बंद. पण मग बंगला मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यासारखा समोर बघत बसतो. रेव्हिटमध्ये मटेरियलला 0 ते 100 असा स्लायडर असतो, म्हणजे घासाघीस करायला शंभर जागा. फर्निचरचा लेअर बंद करता येतो. एलेव्हेशन किती खोलवर बघेल त्यालाही मर्यादा घालता येते, की पुढच्या भिंतीमागे चार फुटांवर जग संपलं. मी कमोड लपवला, तर त्याच्यामागच्या टाइल्सचं हॅच वर आलं. टाइल्स घालवल्या तर दाराची चौकट.

शेवटी मी मॉडेलमध्ये पडदे लावले. चित्रात पडदे कोणी दाखवत नाही, पण दाखवले की कमोडचा विषय संपतो. पुढच्या मीटिंगमध्ये बंगल्याच्या उंचीबद्दल, छताबद्दल, पोर्चबद्दल काका-काकू अवाक्षर बोलले नाहीत. पडदे हिरवे का, चुण्या एवढ्या कशाला, कापड खादीचं घेतलं तर धुताना आटेल का, यावर मात्र तासभर चर्चा झाली. सर खाली मान घालून चहा पीत होते.

तसं पाहिलं तर हा घोळ आमच्यापेक्षा मोठ्या लोकांनी घालून ठेवलेला आहे. आर्किटेक्ट मीस व्हॅन डर रोहेनं 1921 साली बर्लिनच्या फ्रीडरिशस्ट्रासेसाठी काचेचा मनोरा कोळशानं चितारला, आणि काचेत खरी गंमत प्रतिबिंबांची आहे असं तो सांगत राहिला. तो मनोरा काही बांधला गेला नाही, त्यामुळे त्यात राहायला जाऊन तक्रार करायला कोणी उरलं नाही. पण 1951 साली अमेरिकेत इलिनॉयमध्ये त्यानं डॉक्टर एडिथ फार्न्सवर्थ यांचं काचेचं घर पुरं केलं. जगभरचे विद्यार्थी आजही त्याची चित्रं काढतात. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की सिंकखाली कचऱ्याचा डबासुद्धा ठेवता येत नाही, बाहेरून दिसतो. आर्किटेक्ट आणि मालकीणबाई कोर्टात गेले ते बहुतेक पैशांवरून. पण त्या डब्याला माझी पूर्ण सहानुभूती आहे.

आमचं प्रकरण कोर्टाआधीच मिटलं. काचेला करडा रंग, पारदर्शकता वीस टक्के, पडदे रद्द. सर म्हणाले, "हे मी पेन्सिलीनं दहा मिनिटांत केलं असतं." मी काही बोललो नाही, कारण केलं असतं हे खरंच आहे. काकांनी मात्र प्रिंट हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, "छान. आता काचेत थोडे ढग टाका ना, सर. पण पावसाळी नकोत, टेरेसच्या वॉटरप्रूफिंगचं अजून ठरायचंय."