टीम निखळ पुरुषांची कशी ठेवावी: नव्या टीम लीडसाठी सोपी मार्गदर्शिका

अभिनंदन! अमरावतीत किंवा अकोल्यात एका कॉम्प्लेक्सच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सॉफ्टवेअर कंपनीत तुम्ही टीम लीड झालात. बारा खुर्च्या, एक इन्व्हर्टर, मे महिन्यात हात टेकणारा एसी आणि कॉलेजांच्या फी वसुलीचं सॉफ्टवेअर एवढा तुमचा संसार. त्यात आता संकट आलंय: मुलींचे अर्ज.

हे संकट मुळात थांबवता येईल या भ्रमात राहू नका. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी १९६४ पासून चालू आहे. बडनेऱ्याचं राम मेघे, शेगावचं गजानन महाराज, अकोल्याजवळचं बाभुळगाव, सगळीकडून दरवर्षी संगणक शाखेच्या मुली बाहेर पडतात. अभियांत्रिकी प्रवेशात ३० टक्के जागा त्यांच्यासाठी राखीव आहेत. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क २०२४-२५ पासून सरकारच भरतंय. पुण्याच्या अभियांत्रिकी कॉलेजातून १९६७ साली मेकॅनिकल इंजिनिअर झालेल्या लीला पूनावाला यांचं फाउंडेशन अमरावती जिल्ह्यातल्या मुलींनाही शिष्यवृत्त्या देतं. म्हणजे जे काही अडवायचं ते तुमच्याच दारात अडवावं लागणार. पण घाबरू नका. यात कुणालाही तोंडावर ‘नाही’ म्हणावं लागत नाही. सगळं आपुलकीनं जमतं.

धडा पहिला: जाहिरात

जुन्या लोकांना हे तंत्र अवगत नव्हतं. १९७४च्या सुमारास टाटांच्या टेल्को कंपनीनं जाहिरातीत चक्क छापलं की स्त्रियांनी अर्ज करू नयेत. सुधा कुलकर्णी नावाच्या मुलीनं जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं, आणि मुलाखत घेऊन तिला नोकरी द्यावी लागली. पुढं सुधा मूर्ती म्हणून सगळा देश तिला ओळखायला लागला. एका ओळीची किंमत बघा!

तुम्ही तसं काही लिहू नका. ‘स्वतःची बाइक आवश्यक’, ‘रात्री-अपरात्री काम करायची तयारी हवी’, ‘डॅशिंग फ्रेशर मुले पाहिजेत’ एवढं पुरे. यावर कुणी पोस्टकार्ड लिहीत नाही.

धडा दुसरा: मुलाखत

मुलाला लिंक्ड लिस्ट उलटी करायला सांगा. मुलीला विचारा, “काहून ताई, लग्नाचा काय विचार हाय पुढं?” ती अकोल्याची असेल तर “अमरावतीत राह्यनार कुठं?” आणि अमरावतीची असेल तर “उद्या पुन्याले सासर भेटलं तं?” गाव कुठलंही असो, निकाल एकच लागतो.

शेजारच्या खुर्चीतला मुलगा आठ महिन्यांत राजीनामा टाकून बडनेऱ्याहून पुण्याची गाडी पकडणार, हे तुम्हाला ठाऊक असतं. त्याला मात्र हा प्रश्न विचारू नये. मुलगी लग्न करून गेली तर ते कंपनीचं नुकसान, मुलगा हिंजवडीला गेला तर ती त्याची प्रगती.

दोघांना तेच प्रश्न विचारणं आणि चर्चेआधी गुण लिहून ठेवणं कटाक्षानं टाळा. गुण कागदावर उतरले की ‘आपल्या टीममधे बसत नाही वाटते’ असं म्हणायची सोय उरत नाही. ॲमेझॉननं अर्ज छाननीचं यंत्र बनवलं, त्याला दहा वर्षांचे जुने अर्ज शिकवले. ते बहुतेक पुरुषांचे होते, म्हणून ‘महिलांचा’ असा शब्द दिसला की यंत्र गुण कापायला लागलं. शेवटी तो प्रकल्प गुंडाळावा लागला आणि २०१८ साली बातमी जगभर झाली. तुम्हाला यंत्राची गरज नाही. तुम्ही उमेदवार मित्राच्या ओळखीनं निवडता, आणि मित्राच्या ओळखी पानटपरीवरच्या आहेत.

धडा तिसरा: कामाची वाटणी

एखादी आलीच टीममध्ये, तरी खचू नका. तिला टेस्टिंग द्या, कारण मुली बारकाईनं बघतात. डॉक्युमेंटेशन द्या, कारण अक्षर चांगलं आहे (टायपिंगला अक्षराचा काय संबंध, हे विचारू नका). क्लायंटचे फोन द्या, कारण आवाज गोड आहे. आठ मार्चचं सूत्रसंचालन तर तिचंच. पेमेंट गेटवे आणि सर्व्हर पोरांकडे राहू द्या. वर्षानं पगारवाढीच्या वेळी मान हलवून म्हणा, “पोट्टी हुशार हाय, पन बॅकएंडचा अनुभव नाई तिले.”

तिला इतिहास मात्र वाचू देऊ नका. १९४६ साली जगापुढं आलेल्या एनियाक संगणकाच्या पहिल्या प्रोग्रॅमर सहा बायका होत्या. चंद्रावर गेलेल्या अपोलोच्या यानातलं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या चमूची प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन होती. या धंद्यात पैसा आणि मान आला, तेव्हा कुठं तो पुरुषांचा धंदा ठरला.

धडा चौथा: मीटिंग

ती म्हणते, “फी थकबाकीची क्वेरी लूपमध्ये टाकलीय. पाचशे विद्यार्थ्यांची यादी उघडली की पाचशे एक वेळा डेटाबेसकडे जाते. म्हणून पान लटकतं. एकाच जॉइनमध्ये होईल.” तुम्ही मोबाइलमध्ये बघा. दहा मिनिटांनी शेजारचा म्हणेल, “भाऊ, एक जॉइन मारू काय?” आता टेबलावर थाप मारा: “वा रे पठ्ठ्या!”

गिटहबवरच्या लाखो बदलांचा एक अभ्यास काही वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला. बायकांनी पाठवलेला कोड एकूणात पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारला गेला. प्रकल्पाबाहेरून कोड पाठवणारी बाई आहे हे प्रोफाइलवरून कळत होतं तिथं मात्र आकडा खाली आला. तुमच्या मीटिंगमध्ये चेहरे आधीच दिसतात, त्यामुळं वेगळी मेहनत नको.

धडा पाचवा: वेळ आणि जागा

रिलीज नेहमी शुक्रवारी रात्री ठेवा. साडेसातला घड्याळ बघून मायेनं म्हणा, “ताई, निघा तुम्ही, घरचे वाट पाहत असन.” ती जिना उतरली की टपरीवर जा आणि पुढच्या प्रकल्पाचं डिझाइन तिथंच ठरवा. सोमवारी तिला फक्त निर्णय कळवा.

कायदा अर्धाच वाचायची सवय लावा. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा म्हणतो की रात्री साडेनऊनंतर स्त्रीला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवू नये, आणि ठेवल्यास सुरक्षितता आणि घरापर्यंत सोडायची सोय करावी. इथंच पुस्तक मिटा: “पाहा, कायद्यालेच बाया नको!” भरती, प्रशिक्षण, बढती, पगार यांत स्त्रीशी भेदभाव करू नये, असंही तोच कायदा बजावतो. ते पान चिकटलेलंच राहू द्या.

स्वच्छतागृह एकच असावं आणि त्याची किल्ली खालच्या पानवाल्याकडे. दिवसातून चार वेळा चारचौघांत किल्ली मागायची पाळी आली की उत्तम उमेदवारसुद्धा नागपूरच्या ऑफरचा विचार करायला लागते.

धडा सहावा: कागदपत्रं

दहा किंवा जास्त माणसं असतील तर २०१३च्या कायद्यानं लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती हवी: अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, निम्म्या सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. फलक छापून कपाटामागं लावा. हजेरीपटावर नऊच नावं ठेवायची युक्ती काही जण सांगतात. तिचा उपयोग नाही. लहान कंपन्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तक्रार तिथं जाते. प्रसूतीची रजा २०१७ पासून २६ आठवडे आहे, ती द्यावीच लागते. पण परतल्यावर तिचा जुना मॉड्यूल परत देऊ नका. पुन्हा टेस्टिंग.

सावधान: ही पद्धत बिघडवणाऱ्या गोष्टी

सर्व उमेदवारांना एकच लेखी चाचणी, नाव झाकून तपासलेली. पगाराच्या श्रेणी सगळ्यांना माहीत असणं. टेस्टिंग आणि मीटिंगची टिपणं पाळीपाळीनं. संध्याकाळी सहानंतर टपरीवर झालेला निर्णय दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मांडल्याशिवाय पक्का न धरणं. रिलीज मंगळवारी सकाळी. “हे आधी तिनं सांगितलं होतं” असं म्हणणारा एक पुरुष. आणि सगळ्यात घातक म्हणजे एकीच्या जागी तिघी घेणं. एकटी चुकली की ‘बायकांना जमत नाही’ हे सिद्ध होतं. तिघींतली एक चुकली तर फक्त तीच चुकलेली असते.

फळ काय मिळेल?

बचत गटांचं ॲप तुमच्या निखळ टीमनं केलं. ‘पतीचे नाव’ या रकान्यापुढं लाल तारा, भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. चांदूर बाजारकडच्या एखाद्या खेड्यातली विधवा शेतकरी बाई तिथं ‘नाही’ लिहिते. ॲप उत्तर देतं: ‘कृपया अचूक नाव भरा.’ टीममधल्या पोरांपैकी कुणालाच हे खटकलं नव्हतं. टेस्टिंगवाली बोलली होती, पण तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये बघत होता.

नेहमीचा प्रश्न

प्रश्न: क्लायंटनं विचारलं, काम एवढं उशिरा का, तर काय सांगावं?
उत्तर: “वऱ्हाडात चांगले डेव्हलपर भेटतच नाई, साहेब.” हे म्हणताना केबिनचं दार लावून घ्यावं. बाहेर बाकावर मुलाखतीला आलेल्या तिघी बसल्या आहेत.