सेक्टर २९ चा पाणबुड्या

‘तुम्हाला कानाचा काही त्रास आहे किंवा पूर्वी होता का?’ या एका प्रश्नावर आमच्या घरात दोन संध्याकाळी गेल्या. प्रश्न स्कूबा डायव्हिंगच्या वैद्यकीय अर्जातला होता आणि उत्तर मला एकट्याला द्यायचं होतं. पण आमच्याकडे अर्ज कोणाचाही असो, भरायचा सगळ्यांनी असतो. मी ‘नाही’वर खूण करणार तेवढ्यात सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, “नाही कसं? मघापासून कुकर बंद करा म्हणून सांगून राहिले मी.” सौ. नागपूरची आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यात राहणारी आमची ८१ वर्षांची आत्या फोनवर होती. ती म्हणाली, “अरे, तिसरीत तुझा कान फुटला होता. लसणीचं तेल मीच घातलं होतं.” म्हणजे ‘होय’. आणि एक जरी ‘होय’ आलं, की डॉक्टरची सही लागू शकते. पुढे वय ४५ च्या वर आहे का, असाही प्रश्न होता. मी ५६ चा. त्यावर मात्र घरात एकमत झालं.

ही कल्पना बंगळूरच्या चिरंजीवांची. आमच्या लग्नाला तीस वर्षं होणार, तर हा वाढदिवस समुद्राखाली साजरा करू, असं त्याने जाहीर केलं. “तीस वर्षं काय वर होतो का आपण?” असं सौ. मला म्हणाली, मुलाला ‘हो’ म्हणाली.

आता आम्ही राहतो नवा रायपुरात, सेक्टर २९ मध्ये. इथून समुद्र जवळ नाही, एवढं म्हणणंही समुद्राला जवळचा मानणं होईल. छत्तीसगडला कुठूनच किनारा नाही. रायपूर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर उंच. नवख्या माणसाला पहिल्या खेपेला फार तर बारा मीटर खाली नेतात म्हणे. म्हणजे समुद्राच्या नुसत्या पातळीवर यायला आम्हाला आधी तीनशे मीटर उतरायचं. पुढचे बारा ते किरकोळ.

तरी आम्ही अगदीच कोरडे नाही. इथल्या सरकारी इमारतींना नद्यांची नावं आहेत. मंत्रालय महानदी भवनात, संचालनालयं इंद्रावती भवनात. त्यामुळे मी गेली कित्येक वर्षं सकाळी साडेनऊला इंद्रावतीत उतरतो आणि संध्याकाळी कोरडा बाहेर येतो. साहेबांना भेटायचं तर कळतं, की ते महानदीत गेलेत. या दोन नद्या भूगोलात कुठेच भेटत नाहीत. फाइल मात्र रोज इकडून तिकडे जाते.

आणि आमचं गावच मुळात एक आराखडा आहे. आधी रस्ते आले. ते इतके रुंद, की ओलांडून पलीकडे गेलेल्या माणसाला पैलतीरी पोचल्याचं समाधान मिळतं. मग दिवे आले, गोल चौक आले, चौकांतली हिरवळ आली. २०१२ मध्ये मंत्रालय आलं, २०१८ मध्ये अटल नगर हे नाव आलं. माणसं सावकाश येतायत. त्यामुळे एखादा बेत पूर्ण आखलेला असावा आणि त्यात माणूस नसावा, याचं इथे कोणालाच वावगं वाटत नाही. आमच्या सहलीला याहून योग्य गाव मिळालं नसतं.

जायचं कुठे, यावर तीन पक्ष पडले. चिरंजीव अंदमानवाले. तिथलं पाणी काचेसारखं, प्रवाळ रंगीत, सगळं खरं. पण दोन विमानांची भाडी बेरजेला घेतल्यावर मी श्वास रोखला, आणि तो रोखायचा नाही हा या छंदाचा पहिला नियम आहे. कचेरीतले सहकारी विशाखापट्टणवाले. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं: वंदे भारतने सकाळी बसा, दुपारी समुद्र. ऋषिकोंड्याला बुडवण्याची सोय आहे. शिवाय महानदीचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरालाच मिळतं, तेव्हा समुद्र निम्मा आपलाच.

तिसरा पक्ष आत्याचा. “मालवण,” ती म्हणाली आणि तिने पान लावायला घेतलं.

आमचा कोणी पूर्वज भोसल्यांच्या फडावर कारकून म्हणून छत्तीसगडात आला, अशी घरात कथा आहे. बिंबाजी भोसले १७५८ पासून रतनपूरला राज्य करत होते, तेव्हा कथेला जागा आहे. पुरावा म्हणून एक तांब्या आहे. हा पूर्वज मूळचा कोकणातला. घाट चढून इकडे आला, तो पुन्हा त्याने किंवा त्याच्या वंशात कोणी समुद्राकडे पाहिलं नाही. “तिथे गेलास तर निदान ओळखीच्या पाण्यात जाशील,” असं आत्याचं म्हणणं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र आहे, हे मीच वाचून दाखवलं. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर भर समुद्रात प्रवाळांचं एक मोठं पठार आहे आणि त्याला कान्होजी आंग्र्यांच्या नावावरून आंग्रिया बँक म्हणतात, हेही सांगितलं. आत्याने विचारलं, “व्याज किती देते?”

सौ.चा आक्षेप वेगळाच. “सकाळी ज्या माशांना भेटायचं, दुपारी तेच ताटात. मला नाही जमणार.” यावर आत्या म्हणाली, तू सोलकढी घे. मालवण मंजूर झालं.

सामानाची खरेदी नको होती. तिथे सगळं मिळतं. पण मास्क आपला असावा, असं कुठेतरी वाचलं आणि मागवला. तो बसतो का, हे पाहण्याची रीत सोपी. पट्टा न लावता मास्क तोंडावर टेकवायचा आणि नाकाने हलका श्वास आत घ्यायचा. नीट बसला तर तो चिकटून राहतो. मी टेकवला, श्वास घेतला, मास्क मांडीवर. पुन्हा टेकवला, पुन्हा मांडीवर. सौ.ने घेतला, तर असा चिकटला, की काढायला सांगावं लागलं.

दोष मिशीचा होता. मास्कची रबरी कड वरच्या ओठावर टेकते, तिथे केस आले की फट राहते आणि फटीतून पाणी येतं. मिशीवाले पाणबुडे एकतर तिथे पेट्रोलियम जेली चोपडतात किंवा नाकाखालची एक पट्टी काढून टाकतात. मी मिशी ठेवली ती कॉलेजात, १९८७ साली. तिला लग्नात, नोकरीत, दोन बढत्यांत कोणी हात लावला नव्हता. नाकाखालची पट्टी काढून पाहिली, तर आरशात ओठावर दुभाजक असलेला नवा रायपुरातला रस्ता दिसायला लागला. जेली लावून कचेरीत गेलो, तर दोघांनी सर्दीवर काढे सांगितले.

पोहणं मला येत नाही. लहानपणी बूढा तालाबाच्या काठावर गेलो तरी आई पायाची ओल तपासायची. नुसती बुडी मारून बघायची असेल तर पोहता यावंच लागतं असं नाही. प्रशिक्षक मागून टाकी धरून असतो. पण तीस वर्षं मागे कोणीतरी धरून असलेल्या माणसाला एकदा तरी आपल्या पायावर बुडावंसं वाटतं. म्हणून एका क्लबाच्या तलावात नाव घातलं. माझ्या वर्गात मी सोडून सगळे सात ते नऊ वर्षांचे. त्यांतल्या एकाने पहिल्याच दिवशी मला धीर दिला: “अंकल, डरो मत, यहाँ पैर टिकता है.” माझा टिकत होता. त्याचा टिकत नव्हता, आणि तो मजेत होता.

घरचा सराव बादलीत. तोंडात स्नॉर्केल, मास्क लावून बादलीत तोंड घालायचं आणि शांत श्वास घ्यायचा. मी गच्चीत हे करत असताना कामाला येणाऱ्या बाई झाडू घेऊन थांबल्या. मी वर आल्यावर त्यांना सगळं समजावलं: समुद्र, टाकी, खर्च. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “बुडे बर पइसा घलो देहू, साहब?” बुडायचं, आणि वर पैसेही द्यायचे? इतक्या थोड्या शब्दांत आमच्या बेताचं इतकं नेमकं टिपण मी नोकरीत कधी लिहू शकलो नाही.

पाण्याखाली बोलता येत नाही म्हणून खुणा असतात. चिरंजीवाने व्हिडिओवर शिकवल्या. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. अंगठा वर करायचा नाही. त्याचा अर्थ ‘मला वर जायचं आहे’. मी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसाला दहा अंगठे पाठवतो. आत्याला हा अर्थ कळल्यावर तिचा रात्री फोन आला. “अरे, ती खूण तुझ्या वयाला फार करू नकोस. मी अजून आहे.”

शास्त्र वाचलं ते वेगळंच. दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते, म्हणून श्वास रोखायचा नाही. मास्कमधून मासा पाण्यात एकतृतीयांशाने मोठा दिसतो. कोकणातल्या आमच्या पूर्वजाला हे मास्कशिवाय जमत असावं. आणि शेवटच्या बुडीनंतर अठरा तास तरी विमानात बसायचं नाही, कारण रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो. एकदम उंच गेलो तर सोड्याची बाटली उघडल्यासारखं होतं. हे अठरा तास रजेत कुठे बसवायचे, यावर आमचा बेत अडला. “अठरा तास करणार काय?” असं सौ.ने विचारलं. “जेवायचं,” आत्या म्हणाली.

पावसाळ्यात मालवणला बुड्या बंद. दिवाळीत रेल्वेची तिकिटं नाहीत. डिसेंबरात मुलाला सुट्टी नाही, मार्चमध्ये आमचं हिशेबाचं वर्ष संपतं, मेमध्ये लग्नं. शिवाजी महाराजांनी १६६४ ला सुरुवात करून १६६७ पर्यंत मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा केला. आम्हाला तीन वर्षांत त्याच समुद्रात उतरायची तारीख ठरवता आलेली नाही. लग्नाचा तिसावा वाढदिवस होऊन गेला. आता तेहेतिसावा म्हणतोय. मध्ये एकदा रजेचा अर्ज केलाही. साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, “पाण्याखाली नेटवर्क असतं?” नसतं म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात मला राग दिसला नाही, हेवा दिसला.

सध्या फेब्रुवारीचं चाललंय. रायपूरहून मुंबई आणि मुंबईहून कुडाळ, दोन्ही गाड्या वहीत लिहून ठेवल्या आहेत. मिशी पुन्हा पूर्ण वाढली आहे.

परवा रविवारी आत्या जेवायला येणार होती. स्वयंपाकघरात गेलो तर सौ. ओट्याशी उभी, तोंडावर मास्क, पट्टा केसांतून घट्ट, आणि समोर किलोभर कांद्याची रास. डोळ्यांत टिपूस नाही. नाक झाकलेलं, म्हणून तोंडाने संथ श्वास. एवढा लयदार श्वास मला बादलीत कधी साधला नाही. माझी चाहूल लागताच तिने मान न वळवता सुरीचा हात थांबवला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.

मी धसकलो. “काय झालं? वर जायचंय?”

मास्कच्या आतून आवाज आला, “मला नाही, तुम्हाला. वरच्या फळीवर. हिंगाचा डबा काढा.”