शेवटून पहिला

आमच्या सायकल क्लबाचा एक नियम आहे: कोणालाही मागे टाकून पुढे जायचं नाही. सरकारी भाषेत सांगायचं तर या योजनेचा मी एकमेव लाभार्थी. ज्यांनी नियम केला त्यांच्या डोळ्यांसमोर एखादा नवखा, थकलेला किंवा चाक पंक्चर झालेला सदस्य असणार. एकच धडधाकट माणूस दर रविवारी न चुकता त्याचा लाभ घेईल, असं काही त्यांच्या मनात आलं नसावं.

जमायची जागा नाशिकचं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. रिक्षावाल्याला हे नाव सांगितलंत तर तो विचारात पडेल. 'गोल्फ क्लब' म्हणालात की लगेच मीटर न टाकता निघेल. तिथे रणजीचे सामने होतात, पहाटे लोक चालतात, पळतात, गोल करून मोठ्याने हसतात. गोल्फ तेवढा मी कोणाला खेळताना पाहिलेला नाही. वेळ साडेपाच 'शार्प'. आदल्या रात्री ग्रुपवर 'शार्प' लिहिणारा गृहस्थ पावणेसहाला उगवतो आणि तोवर बाकीचे एकमेकांच्या सायकली उचलत बसतात. सायकलवाल्यांत ही रीतच आहे. नवी सायकल दिसली की आधी ती दोन बोटांवर उचलायची, भुवया वर न्यायच्या आणि मग किंमत विचारायची. किंमत जितकी जास्त तितकं सायकलवर सामान कमी. मडगार्ड नाही, कॅरियर नाही, घंटी नाही, स्टँड तर नाहीच. माझ्या सायकलला स्टँड आहे. एका तरुण सदस्याने मोठ्या आदराने सांगून पाहिलं, "काका, तो काढून टाका, अर्धा किलो वाचेल."

"वाचवून ठेवू कुठे?" मी विचारलं. त्याने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि विषय सोडून दिला.

नाशिकला हे वेड लागायला कारणही तसंच घडलं. २०१५ साली शहरात दोन मोठ्या गोष्टी झाल्या. एक सिंहस्थ, तो काय, बारा वर्षांनी येतोच. दुसरी गोष्ट मात्र कोणाच्या पंचांगात नव्हती. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे दोघे भाऊ 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत दोघांच्या गटात पुरी करून आले. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या अ‍ॅनापोलिसपर्यंत, साधारण ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोघांतले एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. लोकांना झोपवणं हा ज्याचा व्यवसाय तो स्वतः इतका जागू शकतो, हे कळल्यावर शहराची झोप उडाली. घराघरांतल्या बायकांनी सोफ्यावर आडव्या झालेल्या नवऱ्यांकडे नव्याने पाहिलं. डॉक्टर लोक तर इतके सायकलवर चढले की आज आमच्या क्लबात कोणी आपटलं तर तपासायला चार स्पेशालिस्ट जागेवर हजर असतात. बँडेज मात्र एकाकडेही नसतं.

मग ब्रेव्हे नावाचं प्रकरण आलं. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. ही काही शर्यत नव्हे, असं ती मंडळी पहिल्यांदा सांगतात आणि मग अर्धा तास घड्याळातल्या मिनिटांबद्दल बोलतात. या आकड्यांनी भल्या माणसांची बुद्धी फिरते. आमच्याकडे 'मी आपले फक्त दोनशेच केले' असं खाली मान घालून सांगणारे लोक आहेत. त्यांच्यापुढे 'मी त्र्यंबकला जाऊन आलो' म्हणायची सोय राहिलेली नाही. त्र्यंबक नाशिकपासून अठ्ठावीस-तीस किलोमीटर. जाताना रस्ता हळूहळू चढत जातो. डोळ्यांना सपाट दिसतो, मांड्यांना नाही.

मैदानापासून सातपूरपर्यंत आम्ही खरोखर एकत्र असतो. पुढचा माणूस खड्डा दिसला की हात खाली करून दाखवतो आणि 'खड्डा' म्हणून ओरडतो. त्याच्या मागचा तसंच करतो. अशी ती हाक मागे मागे येते. पद्धत परदेशात चांगली असेल. आपल्या रस्त्यावर सगळे खड्डे हाताने दाखवायचे तर सायकल हात सोडूनच चालवावी लागेल. शिवाय हाक येता येता बदलते. पुढून 'खड्डा' म्हणून निघालेली हाक माझ्यापर्यंत 'गाडी' होऊन येते, मी डावीकडे होतो आणि नेमका खड्ड्यात जातो. सातपूरची औद्योगिक वसाहत मागे पडली की हा प्रश्न आपोआप सुटतो, कारण हाका ऐकू येण्याच्या अंतरात मी उरत नाही.

इथे थोडं शास्त्र सांगतो. ताशी तीस किलोमीटरने सपाटीवर जाणाऱ्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते. म्हणून ही मंडळी चाकामागे चाक लावून जातात. मागच्याचे कष्ट पाव-एक तृतीयांशाने कमी होतात. माझ्या एका इंजिनिअर मित्राने त्यावरून सिद्ध केलं की सगळ्यांत मागे असल्यामुळे क्लबात सगळ्यांत जास्त आराम मलाच मिळत असणार. त्याने 'मागे' म्हणजे हातभर धरलं होतं. मी अर्धा कोस मागे असतो. तिथपर्यंत पुढच्यांनी फाडलेली हवा पुन्हा शिवून तयार झालेली असते, आणि पावसाळ्यात त्र्यंबकच्या बाजूने ती थेट तोंडावर येते. पण याच शास्त्राचं एक कलम माझ्या फायद्याचं आहे. वेग दुप्पट केला तर हवेशी झगडायला आठपट ताकद लागते. म्हणजे पुढच्या पठ्ठ्यांच्या निम्म्या वेगाने जाणाऱ्या माझं हवेशी भांडण त्यांच्या एक अष्टमांश. एवढं तर घरात सकाळचा चहा होईपर्यंतही होतं.

आणि मी एकटा नसतो. सगळ्यांच्या मागे राहून कोणी सुटलं नाही ना हे बघायला दर रविवारी एक सदस्य नेमतात, त्याला स्वीप म्हणतात. शेवटच्या माणसाच्या पुढे त्याने जायचं नाही. शेवटचा माणूस मी. त्यामुळे क्लबातला एकेक तगडा गडी पाळीपाळीने तीन-तीन तास माझ्या ताब्यात येतो. पहिली पाच किलोमीटर तो बिचारा ब्रेक दाबत दाबत घड्याळाकडे बघत असतो. दहाव्याच्या सुमाराला त्याचा श्वास जाग्यावर येतो आणि पंधराव्याला तो बोलायला लागतो. पुढे ताशी तीसने जाणाऱ्यांत बोलणं म्हणजे 'डावीकडे', 'ट्रक' आणि 'गिअर टाक' एवढंच. मी या क्लबातल्या प्रत्येकाची माणूस म्हणून ओळख करून घेतलेली आहे. त्यांची एकमेकांशी ओळख मात्र फक्त पाठीमागून आहे.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार स्वीप असले की रस्ता मला बघावा लागतो, कारण ते आभाळ बघतात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर ढग आले की त्यांचं पायडल मंदावतं. "काका, हा पाऊस आला ना, की डावणी आलीच म्हणून समजा," म्हणतात आणि तिथल्या तिथे सायकल थांबवून घरी फोन करून फवारणीचं विचारतात. डावणी, भुरी, मण्यांना तडे, निर्यातीचे नियम हे सगळं मला पायडल मारता मारता फुकट शिकायला मिळालं. नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले एक आप्पा आहेत. उभं आयुष्य करकरीत नोटा बघण्यात गेल्यामुळे की काय, पैसा या वस्तूबद्दल त्यांना काहीही आकर्षण उरलेलं नाही. ते पाकीट आणतच नाहीत. त्यांच्या मिसळीचे पैसे स्वीपच्या सोबतीबद्दल मी देतो. अस्थिरोगतज्ज्ञ डॉक्टर माझ्यामागून सायकल चालवताना माझ्या गुडघ्यांकडे टक लावून बघतात, असा मला संशय आहे. आणि वनस्पतिशास्त्राच्या एक प्राध्यापिका आहेत, आम्ही त्यांना ताई म्हणतो. अंजनेरीचा डोंगर आला की त्या हटकून सांगतात, की तिथे वर कंदीलपुष्पाची एक जात आहे आणि तिच्या शास्त्रीय नावातच अंजनेरी आहे.

"इथून दिसेल का?" मी दर वेळी विचारतो.

"ती डोंगरावर, आपण रस्त्यावर. दिसेल कशी?" ताई म्हणतात आणि तरीही आम्ही दोघं थांबून वर बघतो. हनुमानाचा जन्म याच डोंगरावरचा मानतात. ज्याने जन्मल्याबरोबर सूर्याकडे झेप घेतली त्याच्या गावातून दर रविवारी इतक्या सावकाश जाणारा माणूस बघून मारुतीराय काय म्हणत असतील, हा विचार मी फार लांबवत नाही. त्याच रस्त्यावर नाण्यांचं एक सुंदर संग्रहालय आहे. आमच्या क्लबातल्या एका शूर वीराने त्याच्यासमोरून शेकडो वेळा जाऊनही ते पाहिलेलं नाही. अंजनेरी म्हटलं की त्याला तिथला हृदयाच्या ठोक्यांचा आकडा तेवढा आठवतो.

शेवटच्या माणसाला जनसंपर्कही भरपूर. त्र्यंबकच्या दर्शनाला निघालेल्या परगावच्या गाड्या पुढच्या घोळक्याला कधी रस्ता विचारत नाहीत. काच खाली होते ती माझ्याशेजारी, कारण मी जवळजवळ थांबलेलाच दिसतो. पार्किंग कुठे, रांग किती, नारायण नागबळीची चौकशी कोणाकडे करायची, सगळं मला विचारून होतं. गेल्या श्रावणात तर एक शाळकरी मुलगी धाकट्या भावाला कॅरियरवर आणि दळणाचा डबा हँडलला घेऊन माझ्या बरोबरीने आली. थोडा वेळ तिने माझ्या मागच्या चाकाकडे बघितलं आणि काळजीने विचारलं, "काका, पंक्चर झालीया का?"

"नाही गं, चालवतोय."

"बरं," ती म्हणाली आणि पुढे निघून गेली. भाऊ मात्र वळणापर्यंत मान मागे वळवून माझ्याकडे बघत होता. स्वीप त्या दिवशी डॉक्टर होते. त्यांनी सभ्यपणे घसा खाकरला.

मिसळ हा या सगळ्याचा गाभा, पण तिच्याबद्दल मी थोडक्यात आवरतो. नाशिककराने मिसळीवर लिहायला घेतलं की उरलेला लेख रद्द होतो. काळ्या मसाल्याचा रस्सा, पापड, दही आणि शेवटी जिलेबी. साठ किलोमीटरमध्ये जळलेलं सगळं त्या एका ताटात परत मिळतं, वर थोडं व्याजही. मी पोचतो तेव्हा बाकीच्यांचा दुसरा रस्सा संपून हिशेबावरून प्रेमळ भांडण चालू असतं. भिंतीला टेकवलेल्या लाखालाखाच्या सायकलींपैकी एक घसरलेली असते आणि तिच्याबरोबर पाच-सहा आडव्या झालेल्या असतात. माझी तेवढी स्टँडवर ताठ उभी राहते. मग फोटो. फोटोसाठी सगळे माझी वाट बघत थांबलेले असतात, हे मला फार आवडतं. मुक्काम गाठून तासभर झालेला, तोंड धुऊन, जिलेबी खाऊन झालेली ती मंडळी फोटोत इतकी टवटवीत येतात की सायकल चालवून आल्यासारखा मी एकटाच दिसतो.

परतीचा रस्ता उताराचा. तिथे वजन कामी येतं. गुरुत्वाकर्षण कोणाची सायकल किती लाखांची ते विचारत नाही, आणि ग्रॅममागे पैसे मोजून हलके झालेले लोक हवेत अडखळत असताना मी दोघातिघांना सहज ओलांडून जातो. सातपूरच्या सिग्नलला ते मला पुन्हा गाठतात, पण तोवर मी पुढे होतो याला साक्षीदार आहेत.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना दिवाळीनंतर क्लबात एक निवृत्त मुख्याध्यापक दाखल झाले. सर अगदी सज्जन, गोड बोलणारे. पहिल्याच रविवारी महिरावणीजवळ मी सवयीने मागे वळून बोललो तर मागे कोणी नव्हतं. द्राक्षवाले स्वीप लांब मागे, सरांच्या बरोबर, आणि दोघं हातवारे करून आभाळ दाखवत होते. त्या दिवशी पुढचे पुढे, मागचे मागे आणि मी मधल्यामध्ये. साठ किलोमीटर मी कोणाशी एक शब्द बोललो नाही. डावणीचं काय झालं तेही कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी सातपूरला चहासाठी थांबलो. म्हटलं, सर होतील पुढे. सर आले, उतरले आणि म्हणाले, "मलाही अर्धा चालेल." चहा झाला. "व्हा पुढे," मी म्हटलं. "छे, छे, तुम्ही ज्येष्ठ सदस्य. तुम्ही आधी," सर म्हणाले. बेळगाव ढग्याला त्यांनी हवा तपासली. मी पाणी प्यायलो. त्यांनी चष्मा पुसला. मी चेनला तेल घातलं, ते तिला नको असतानाही. डॉक्टर स्वीप होते. ते आमच्या मागे एक पाय जमिनीवर टेकवून उभे होते.

"तुमचं दोघांचं काय ते ठरवा," शेवटी ते म्हणाले, "मला तिकडे मिसळ बोलावतेय." आणि क्लबाच्या इतिहासात पहिल्यांदाच स्वीप दोन सदस्यांना मागे टाकून निघून गेला.

पेगलवाडीपर्यंत आम्ही हँडलला हँडल लावून गेलो, एकमेकांच्या पुढे न जाण्याची कमालीची काळजी घेत. तिथे सर थांबले आणि बुटाकडे वाकले. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले, "जरा लेस बांधून येतोच."

मी झालो पुढे. शे-दोनशे मीटर गेल्यावर लक्षात आलं, सरांच्या बुटांना वेल्क्रो आहे.