विलीनीकरण झालंच की!

नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांनी संप करून महामंडळाचं शासनात विलीनीकरण मागितलं. सत्तेतल्यांना ते अशक्य वाटलं, विरोधकांना अगदी सोपं. आझाद मैदानात संपकऱ्यांच्या शेजारी मांडी घालून बसायला नेत्यांची रीघ लागली. एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कर्मचारी कामावर परतले. जूनअखेर सरकारच बदललं. विरोधक सत्तेत गेले आणि विलीनीकरण त्यांनाही अवघड वाटू लागलं. खुर्चीचा गुण असतो म्हणतात.

विलीनीकरणाऐवजी सवलती आल्या. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढही आली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या थांब्यावरच्या आजीला मोफत प्रवासाचा हक्क मिळाला. मूल गावाकडे जाणारी गाडी मिळाली की आजी तो बजावेल.

आणि कामगारांचं काय? खेड्यात मुक्कामी गेलेल्या चालक-वाहकाला विश्रांतिगृह नसेल, तर तो रात्री डास मारत गाडीतच आडवा होतो. कर्मचारी महामंडळात याहून अधिक विलीन कसा व्हायचा?