फुलांचे तलाठी

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. पहिली गल्ली, आठवी गल्ली, बारावी गल्ली. रिक्षावाल्याला तेवढं पुरतं. पण नावावाचून ज्यांचा जीव गुदमरतो अशी माणसंही याच गल्ल्यांत राहतात, आणि ती सगळी हौस झाडाझुडपांवर भागवतात. असे एक तात्या दर दोन-तीन गल्ल्यांमागे सापडतात. वय साठीच्या पुढं, नोकरी पाटबंधारे नाहीतर बांधकाम खात्यात झालेली, गळ्यात नाडीला बांधलेलं भिंग. तलाठ्याच्या दप्तरात शिवारातल्या प्रत्येक तुकड्याची नोंद असावी, तशी यांच्या वहीत टेंबलाईच्या टेकडीवरच्या प्रत्येक झुडपाची नोंद. फेरफारासकट.

तात्या ओळखायची खूण म्हणजे मान. फाल्गुन-चैत्रात ती वर असते, श्रावण-भाद्रपदात खाली. आपल्याकडचा वसंत भुईवर येत नाही, झाडावर येतो, हा त्यांचा लाडका सिद्धांत, आणि तो खराही आहे. विलायतेत थंडी ओसरली की रानात भुईलगतची फुलं घाईनं उमलतात, कारण वरच्या झाडांना पालवी फुटून सावली पडायच्या आत त्यांना उरकायचं असतं. इथं फाल्गुनात भुई तडकलेली. तेव्हा पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी पानं टाकून देतात आणि उघड्या फांद्यांवर लालभडक फुलतात. पानं नसल्यानं पाणीही वाचतं आणि पाखरांना फूल लांबूनच दिसतं. भुईवरची मजा बघायची तर पावसाळ्यात मसाईचं पठार गाठायचं. म्हणून मार्चमध्ये तात्या आभाळाकडं बघत चालतात. समोरून येणारा माणूस, म्हैस, मोपेड यांनी आपापलं बघून घ्यायचं.

सकाळी ते विद्यापीठाच्या आवारात फिरायला जातात. इतर लोक तिथं साखर कमी करायला जातात. तात्यांची साखर तिथं वाढत असावी, कारण दर वीस पावलांवर ते थांबतात. एखादं नवखं पोरगं खाली पडलेलं जाडजूड लाल फूल उचलून विचारतं,

“तात्या, हे कशाचं हो?”

“कुठल्या सालचं नाव सांगू?”

पोरगं गप्प.

“कुकच्या वेळी बॉम्बॅक्स मलबॅरिकम. मग झालं साल्मालिया मलबॅरिका. आता परत बॉम्बॅक्स, पण सायबा.”

पोराला ‘सावर’ एवढं ऐकूनही पुरलं असतं. पण ते तात्या शेवटी सांगतात, तोवर पोरगं मेन गेटपर्यंत पोहोचलेलं असतं.

हा कुक म्हणजे थिओडोर कुक, तात्यांचं दैवत. मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा त्याचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. तो माणूस पेशानं इंजिनिअर, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा प्राचार्य. “तो पूल बांधायचा, मी कालवे मोजायचो. लई अंतर नाही,” असं तात्या म्हणतात. दुसरं दैवत घरचं: यादव आणि सरदेसाई यांनी लिहिलेली कोल्हापूर जिल्ह्याची ‘फ्लोरा’, शिवाजी विद्यापीठानं २००२ साली काढलेली. तिला खाकी कव्हर आहे. तात्या गरजूला पैसे उसने देतात, पण हे पुस्तक सख्ख्या भावालाही देत नाहीत.

बाहेर हे सगळं शोभतं. खरा पेच घरामागच्या बागेत आहे, कारण ती बाग काकूंची. काकूंच्या हातात खुरपं, तात्यांच्या हातात भिंग, आणि मधे एखादं मुकं रोप. फूल आल्याशिवाय रोपाची ओळख पक्की होत नाही, हा शास्त्राचा दंडक. त्यामुळं “फुलू दे आधी!” ही आरोळी त्या घरातून दिवसातून चारदा ऐकू येते. परिणामी पुदिना दिसेनासा झाला आहे आणि एकदांडीनं कपडे धुवायच्या दगडापर्यंत मजल मारली आहे.

“अगं, मध्य अमेरिकेतनं आलेली आहे ती. पाहुणी आहे.”

“पाहुणे तीन दिवस,” काकू म्हणतात, आणि खुरपं चालवतात.

यंदा होळीच्या सुमारास मोरीच्या पाण्यावर एक कमरेएवढं रोप फुलारलं. फिकट जांभळी फुलं, पाकळ्यांवर बारीक गडद शिरा. तात्या पाट टाकून त्याच्यापुढं बसले. एक फूल नखानं अलगद उकललं, भिंग डोळ्याला लावलं आणि मोठ्यानं मोजायला लागले. “पाकळ्या चार, फुलीसारख्या. पुंकेसर सहा. त्यातले चार लांब, दोन आखूड.” मग उठून उभेच राहिले. “क्रुसिफेरी! मोहरीचं कूळ!”

इथवर कुणाची काही हरकत नव्हती. पुढं घोटाळा झाला. रानफूल म्हणून त्यांनी ‘फ्लोरा’ पालथी घातली, कुक उघडला, जुळेना काही. जुळत नाही म्हटल्यावर तात्यांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही. जिल्ह्यात नोंद नसलेली वनस्पती, आणि तीही राजारामपुरीत, मोरीच्या पाण्यावर! विद्यापीठाला पाठवायच्या पत्राचा कच्चा मसुदा तयार झाला. रोपाभोवती सुतळीचं कुंपण पडलं. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. बायका तोंडाला पदर लावून गेल्या, ते तात्यांनी कौतुक समजून घेतलं.

पक्कं पत्र लिहायला बसले, तर खिडकीतून दिसलं की काकू सुतळी ओलांडून हिरव्या शेंगा ताटलीत खुडताहेत.

“अगं, नमुना आहे तो!”

“डिंगऱ्या आहेत. एक मुळा मुद्दाम राखला होता मी.”

तात्या काही बोलले नाहीत. दुपारी पानात डाळ घालून केलेली डिंगऱ्यांची भाजी होती, सोबत भाकरी. दोनदा वाढून घेतली तरी गप्पच. तिसऱ्यांदा वाटी पुढं करताना म्हणाले,

“पण कूळ मी बरोबर काढलं होतं का नाही?”