खोडरबराचे मानकरी

अमेरिकेतली जुनी कॉमिकवेडी मंडळी एकत्र जमली की ‘कोलेटा’ एवढं नाव काढायचा अवकाश, हशा पिकलाच. थॉर या देवनायकाच्या असगार्ड नगरीवर चालून आलेली राक्षसांची फौज कोणी कापली? थॉरनं? छे, विनी कोलेटानं. थॉर हातोडा उचलून पोचेपर्यंत चौघंच उरले होते. कोलेटाकडे हत्यारं दोन, टाक आणि खोडरबर. त्यातला टाक सणासुदीला वापरायचा. असले विनोद. मलाही भर घालायचा मोह आवरत नाही. महाभारत याच्या हाती दिलं असतं, तर शुक्रवारी संध्याकाळी अठरा अक्षौहिणी सैन्य त्याच्या घरात शिरलं असतं आणि सोमवारी सकाळी अठरा माणसं बाहेर पडली असती. त्यातली बारा नुसत्या काळ्या सावल्या.

व्हिन्स ऊर्फ विनी कोलेटा. जन्म १९२३चा, सिसिलीतला. १९९१ साली गेला. माणूस जाऊन तीन दशकं उलटली तरी टिंगल ताजी आहे. धंदा इंकरचा. कॉमिकमध्ये एकजण पेन्सिलीनं चित्र काढतो आणि दुसरा त्यावर टाक-ब्रशनं काळी शाई चढवतो, कारण त्या काळच्या स्वस्त छपाईत पेन्सिलीची करडी रेघ उमटायचीच नाही. जगाला हे काम म्हणजे गिरवणं वाटतं. १९९७च्या ‘चेसिंग एमी’ या सिनेमात इंकर असलेल्या एका पात्राला एक चाहता तोंडावर ‘तू नुसता गिरवतोस’ असं ऐकवतो आणि प्रकरण हातघाईवर येतं. कोलेटावर मात्र हा आरोप कोणी करणार नाही. तो गिरवत असता तर भांडणच नव्हतं.

पेन्सिल होती जॅक किर्बीची. चाहते याला ‘किंग’ म्हणतात आणि ते फारसं चूक नाही. किर्बीच्या एका चौकटीत तट असायचा, तटावर भालेकरी, भालेकऱ्यांच्या मागे बुरूज, बुरुजामागे कसलंसं यंत्र आणि त्या यंत्राला विनाकारण चाळीस नळ्या. साठच्या दशकाच्या मध्यापासून ते दशक संपत येईपर्यंत थॉरच्या कथांवर शाई चढवायचं काम मुख्यतः कोलेटाकडे होतं. त्यानं काय केलं? मागचे भालेकरी खोडले. जे खोडायचे राहिले ते काळे करून टाकले. सावलीला नाक-डोळे लागत नाहीत. इमारतींच्या खिडक्या गेल्या, गर्दीची दाटी विरळ झाली.

यातला खरा विनोद कोलेटाचा नाही, या कथा छापणाऱ्या मार्व्हल कंपनीच्या कचेरीचा आहे. १९६५ साली ‘फँटॅस्टिक फोर’च्या वार्षिकांकात रीड आणि स्यू या नायक-नायिकेचं लग्न लागलं. मार्व्हलचे जवळपास सगळे नायक आणि झाडून सारे खलनायक त्या लग्नाला हजर, कोणी आहेर घेऊन, कोणी बॉम्ब घेऊन. पानोपानी नुसती चेंगराचेंगरी. आणि शाईचं काम कोणाला दिलं? ज्याला गर्दीचं वावडं, नेमकं त्यालाच.

का दिलं, तर तो वेळेवर द्यायचा. कॉमिकं छापली जायची इलिनॉय राज्यातल्या स्पार्टा गावच्या अवाढव्य छापखान्यात, आणि तिथली पाळी चुकली की प्रकाशकाच्या खिशाला चाट. चित्रकार आजारी पडतो, लेखक अडतो, पोस्ट उशिरा येतं. तारीख मात्र हलत नाही. मग दूरध्वनी कोलेटाला. बाकीचे सज्जन इंकर ‘इतक्यात जमणार नाही’ म्हणायचे, कोलेटा ‘पाठवा’ म्हणायचा. पैसे पानामागे मिळायचे. पानावर चार माणसं असोत वा चारशे, दर तोच. आता सांगा, चारशेवं डोकं कोण काढणार? फक्त धर्मात्मे. त्या धर्मात्म्यांची पानं छापखान्यात उशिरा पोचत होती.

शिवाय हा गडी आला होता प्रेमकथांच्या कॉमिक्समधून. पन्नासच्या दशकात तिथे त्याचं नाव होतं: भुरभुरते केस, डबडबलेले डोळे, ओठांवर नेमकी चमक. त्या जगात मागच्या भिंतीकडे बघतो कोण? थॉरच्या अंकांतल्या बायका त्यामुळे देखण्या निघाल्या, भिंती उघड्या राहिल्या.

त्याचे चाहतेही आहेत, ते हळू आवाजात बोलतात. त्यांचं म्हणणं असं की कोलेटाच्या बारीक, केसाळ रेघांमुळे थॉरच्या कथांना जुन्या कोरीव छापचित्रांची कळा आली. देवादिकांच्या गोष्टी जुन्या पोथीतल्यासारख्या दिसल्या, यंत्रासारख्या गुळगुळीत झाल्या नाहीत. मला हे पटतं. भरल्या बैठकीत पटतं म्हणायला मात्र छाती लागते.

उलट जो सिनॉट पाहा. १९६५च्या अखेरीपासून ‘फँटॅस्टिक फोर’वर त्याची शाई चढली आणि सगळे खूश झाले. सिनॉटही किर्बीचं जसंच्या तसं ठेवत नव्हता. चेहरे घोटायचा, धातूला झिलई द्यायचा. पण तो घालायचा आणि कोलेटा काढायचा. चित्रकलेच्या बाजारात बेरीज करणारा कलावंत ठरतो, वजाबाकी करणारा चोर.

खुद्द किर्बीचं काय म्हणणं होतं? बराच काळ काहीच नाही. तो दिवसाला अनेक पानं उपसणारा माणूस, एक अंक संपला की पुढच्याला भिडायचा. जुन्याचं काय झालं हे बघत बसायची त्याला सवड नव्हती. १९७० साली मार्व्हलवर रुसून तो डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीकडे गेला, तर शाईला तिथेही कोलेटाच! सावली पाठ सोडीना. शेवटी मार्क इव्हॅनियर आणि स्टीव्ह शर्मन या त्याच्या तरुण मदतनिसांनी काय काय गळतंय ते त्याला दाखवलं आणि १९७१ साली कोलेटाची उचलबांगडी झाली. त्याच्या जागी माइक रॉयर आला. हा कॅलिफोर्नियात किर्बीच्याच मुलखात राहणारा, रेघ न रेघ उतरवणारा सत्पुरुष. त्यानंही सुरुवातीलाच बिग बार्डा नावाच्या धिप्पाड नायिकेचा चेहरा जरा सुंदर केला. किर्बीनं स्वतःच्या पेन्सिलचित्राच्या छायाप्रतीतून मूळ चेहरा कापला, रॉयरच्या चेहऱ्यावर डकवला आणि चेहऱ्यांना पुन्हा हात लावायचा नाही, असं बजावलं. म्हणजे भालेकऱ्यांची अख्खी पलटण वर्षानुवर्षं गायब होत होती तेव्हा राजा गप्प होता, एका बाईचं नाक सरळ केल्यावर तो खवळला.

आता माझी शंका. त्याच डीसीत, त्याच दिवसांत, ‘जिमी ओल्सेन’च्या अंकांत किर्बीनं काढलेला सुपरमॅनचा चेहरा कंपनीच्या पसंतीला उतरेना. मग कंपनीनं अल प्लास्टिनो, मर्फी अँडरसन अशा आपल्या विश्वासातल्या चित्रकारांकडून तो बदलून घेतला. धड किर्बीचं, मुंडकं दुसऱ्याचं. हे राजरोस झालं, वरून आदेश येऊन झालं. यावर किती विनोद ऐकलेत? अभ्यासू मंडळी हळहळतात, पण हसत कोणी नाही. कोलेटानं कोपऱ्यातला पहारेकरी खोडला तर तो खुनी. कंपनीनं नायकाचं डोकं उडवलं तर ते धोरण.

पुढचं आणखी गमतीचं आहे. ऐंशीच्या दशकात मार्व्हल जुनी मूळ पानं चित्रकारांना परत करू लागली. किर्बीनं तिथे हजारो पानं काढलेली. त्याला देऊ केली अठ्ठ्याऐंशी, आणि तीही चार पानी खास करारनाम्यावर सही केली तर. इतरांना छोटा कागद पुरत होता. चाहते, चित्रकार, लेखक सगळे खवळले तेव्हा कुठे १९८७ साली दोन हजारांच्या आसपास पानं सुटली. श्रेयाचं आणि हक्कांचं भांडण तर किर्बी १९९४ साली वारल्यावरही चालूच राहिलं. त्याच्या वारसांशी तडजोड झाली ती २०१४मध्ये. कोलेटाच्या अख्ख्या कारकिर्दीत खोडली गेली नसतील इतकी पानं एकट्या कंपनीनं गोदामात दाबली. पण गोदामावर विनोद करता येत नाही. त्याला चेहरा नसतो, टोपणनाव नसतं.

कोलेटाला नाव होतं, तेही मार्व्हलचे संपादक-लेखक स्टॅन ली यांच्या कृपेनं. पूर्वी बहुतेक कॉमिक्समध्ये शाई कोणाची हे वाचकाला कळायचंच नाही. ली साहेबांनी कथेच्या पहिल्याच पानावर लेखक, चित्रकार, इंकर, अक्षरं लिहिणारा अशी सगळ्यांची नावं थाटात छापायला सुरुवात केली. हेतू कौतुकाचा होता. परिणाम असा की शिव्यांना पत्ता मिळाला.

नावानंतर पुरावा आला. किर्बीच्या पेन्सिलचित्रांच्या बऱ्याच छायाप्रती उरल्या होत्या. १९९४पासून ‘जॅक किर्बी कलेक्टर’ हे खास त्याच्यासाठी वाहिलेलं नियतकालिक निघू लागलं, आणि पेन्सिल व शाई शेजारी-शेजारी छापली जाऊ लागली. मग काय, दिवाळी अंकातलं ‘फरक ओळखा’ समोर ठेवावं तसे चाळिशीतले बाप्ये भिंग घेऊन बसले. तिसऱ्या चौकटीतली खिडकी कुठाय? डावीकडचा घोडा? यातल्या बहुतेकांनी तेच अंक दहाव्या वर्षी, पांघरुणाखाली, बॅटरीच्या उजेडात, भान हरपून वाचलेले. तेव्हा असगार्ड ओसाड आहे असं एकालाही वाटलं नव्हतं. घोडा नव्हता हे कळायला तीस वर्षं आणि एक नियतकालिक लागलं. लहानपणी मनापासून आवडलेलं पान रीतसर नावडतं करून घेतलं की माणूस जाणकारांच्या पंक्तीत बसतो, हा नियम फक्त अमेरिकेत लागू आहे असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे गाण्याच्या मैफलीला जाऊन पाहा.

आणि कोलेटा? ज्याच्या नावानं बोटं मोडली जात होती तो १९७६च्या सुमारास डीसीचा कलासंचालक झाला. कोणाला कोणतं काम द्यायचं हे ठरवायच्या खुर्चीत बसला. प्रकाशकांना कोणता गुण प्यारा असतो हे यापेक्षा स्वच्छ कोण सांगणार?

१९८७ साली मार्व्हलनं संपादक जिम शूटरला काढलं. शूटरवर खार खाऊन असलेले पुष्कळ होते, त्यांनी आनंद साजरा केला. शूटर कोलेटाला काम देत असे. कोलेटानं कंपनीतल्या लोकांना उद्देशून एक पत्र लिहिलं, आणि त्यात शूटरला सोडून बाकी सगळ्यांचा उद्धार इतक्या शेलक्या भाषेत केला, की ते कुटुंबवत्सल सदरात छापता येत नाही. त्या पत्रात त्यानं एकालाही गाळलं नाही.